फाईल आणि बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ, तळोदा

कॉलेजातल्या जागृतीला आज फोनवर खोटारडी म्हणालो. मी कॉलेज सोडलं तरी परीक्षा द्यावी म्हणून तिने वर्गातल्या तासांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मी काम करतो त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाईल उतरली आणि डोळ्यांदेखत नाहीशी झाली. मला वाटलं, हिनेच मागे घेतली. डोकंच फिरलं. "द्यायचं नव्हतं तर पाठवलंस कशाला?" तिने फोन ठेवला. ठेवताना फक्त तिच्या बांगड्या वाजल्या.

मग भटूभाऊ आला, दुकान त्याचंच. त्याने अँटीव्हायरस उघडून दाखवला, फाईल त्यातच अडकलेली. "फाईल गयी नही रे येड्या, यानी धरी ठेयेल शे. तू कोनवर चिडी ऱ्हायना?" मला ऐकायला अडचण नको म्हणून तिने सोबत रेकॉर्डिंग वाजवायचा प्रोग्राम टाकला होता. कॉम्प्युटरला त्याचाच संशय आला. भटूभाऊने एक बटण दाबलं, फाईल परत. इतकं सोपं होतं?

आता ऐकतोय. सरांचा आवाज लांबून येतो, बांगड्या अगदी जवळून. लिहिताना वाजतात त्या. मध्येच ती कुजबुजते, "हाई परीक्षामा इचारतीन, नीट ऐक." आणि मी काय म्हणालो तिला!

लगेच फोन लावला. लागत नाही, मेसेजही जात नाही. तिने मला ब्लॉक केलंय. भटूभाऊला विचारलं, हे कसं काढायचं? म्हणाला, "ते बटन तिन्हा हातमा शे, भाऊ."

उद्या कॉलेजात पहिल्या तासाला जाऊन वर्गाच्या दारात उभा राहतो. सर हाकलतील. हाकलू देत. मला पाहून त्या बांगड्या क्षणभर तरी थांबतील ना?