दोरीला लटकलेला हेर दिगंत

नांदूरघाट, ता. केज
सोमवार, दुपार

ती. सत्यशीलाताईस,

धाकट्या रामकिसनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर? (सीताफळ दिसलं की दाजींना साखरेचा विसर पडतो हे मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा ‘आटोक्यात आहे’ असं लिहू नकोस.) इकडे सर्व क्षेम असल्याचं पुढच्या ओळीत लिहायची रीत आहे. पण अडतीस वर्षं पोस्टात काढली, ते वाक्य शेकडो कार्डांवर वाचलं, आणि एकदाही खरं निघालेलं पाहिलं नाही. म्हणून मी लिहीत नाही. क्षेम नाही, आणि त्याला कारण तू पाठवलेली पुस्तकं आहेत.

रागावू नकोस, पुस्तकं लई देखणी आहेत. अण्णा घ्यायचे त्या पेपरात रोज तीन चौकटींत येणारा आपला ‘हेर दिगंत’ कुणीतरी जुन्या रद्दीतून शोधून, पुसून, जाड कागदावर दोन खंडांत छापला, आणि तुला तो दुकानात दिसल्याबरोबर भावाची आठवण झाली, हे वाचून बरं वाटलं. पार्सल फोडलं, पहिल्याच पानावर दिगंतचं ते पोपटासारखं नाक दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. तेच नाक तू कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर काढायचीस आणि मार मी खायचो. एवढ्यावर थांबलो असतो तर भागलं असतं. पण मला कुठली अक्कल! पुस्तकं काखेत मारली आणि तडक धुळाजीकडे गेलो.

धुळाजी आठवतो ना? आपल्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला यायचा तो. त्याला अक्षरओळख तेव्हाही नव्हती, आजही नाही. अण्णा श्रावणात ओसरीवर पोथी वाचायचे ती तो पायरीवर बसून ऐकायचा. आणि संध्याकाळी मी बांधावर पेपर उघडला की त्याला वाटायचं, ही लहान मालकाची पोथी. फेटा सारखा करून बसायचा आणि पोथीला देतात तसा प्रत्येक चौकटीला ‘हं’ द्यायचा. दिगंतनं पिस्तूल काढलं की हात जोडायचा. ही पोथी नव्हे असं मी कधी सांगितलं नाही. नववीतल्या पोराला असा श्रोता पुन्हा कुठं मिळायचा? (आता कबूलच करतो. ज्या दिवशी एस.टी. चुकायची त्या दिवशी पेपर यायचा नाही, आणि त्या दिवसाच्या चौकटी मी पदरच्या सांगायचो. अंधार पडल्यावर सांगायचो, म्हणजे त्यानं चित्र मागायला नको. दिगंत धारूरच्या किल्ल्यात आठ दिवस लपला आणि एका मेंढपाळानं त्याला भाकरी घातली, हा सगळा भाग माझा.)

तुझं लग्न होऊन तू नाशिकला गेलीस, त्यानंतर दोनेक वर्षांनी दिगंत एकाएकी बंद झाला. दरीवर दोरीला लटकलेला, वर दुष्ट कर्कोटक दोरीवर सुरी चालवतोय, खाली ‘पुढे चालू’. आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी बियाण्याची जाहिरात. धुळाजी महिनाभर विचारत राहिला. मी म्हणायचो, येईल. मग तो मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामी गेला आणि मी बारावीत नापास झालो. (दोन्हींचा संबंध नाही.)

आता म्हातारपणी तो इथंच गावात घर करून राहिलाय, आणि त्याच्या छातीत बिघाड निघालाय. काळजाच्या तीन नळ्या बंद आहेत. संभाजीनगरच्या दवाखान्यात येत्या चोवीस तारखेला ऑपरेशन ठरलंय, आणि ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन महिन्यांचा भरवसा धरू नका. गडी आधीच ‘बघू की’, ‘काय घाई हाय’ करत होता. त्यात मी पुस्तकं घेऊन हजर! त्यानं मुखपृष्ठावर हात फिरवला आणि जाहीर केलं, “रामकिसन, धरल्याली पोथी आर्धी सोडू न्हाई. आदी समाप्ती. मंग मी टेबलावर झोपतो. न्हाईतर न्हाई.” त्याची बायको भामाबाई रडली, मी समजावलं, तो हलला नाही. शेवटी मीच म्हणालो, चल, सप्ताह बसवू. सात दिवसांत पारायण.

ताई, त्या सप्ताहाचं काय सांगू तुला! भामाबाईनं पुस्तकं लाल फडक्यात बांधली, रोज हळदकुंकू वाहिलं. चिकटलेलं कुंकू आता पुसून निघत नाही, त्यामुळं पिस्तूल रोखलेला दिगंत कुठल्याशा लग्नातला नवरदेव दिसतो. पोथीतलं एक अक्षर गाळायचं नाही अशी धुळाजीची ताकीद. म्हणून पहिल्या दिवशी मी प्रकाशकाचा पत्ता वाचला, फोन नंबर वाचला, किंमत वाचली, ‘सर्व हक्क स्वाधीन’ वाचलं, आणि त्यानं प्रत्येकाला ‘हं’ दिला. त्याची नात सुकन्या बारावीला आहे, ती इतकी हसली की तिला शेरडांकडे हाकलावं लागलं. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, “आजून धारूर कावून आलं न्हाई?” मला घाम फुटला. म्हणालो, हेरगिरीचं काम, सरकारनं तेवढा भाग दाबला. तो म्हणाला, “बराबर हाय. आपल्या किल्ल्याचं गुपित कशाला सांगावं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि अक्षर येत नाही म्हणून त्याला कमी समजू नकोस. दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखणारा माणूस तो. पाचव्या दिवशी एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो दाढीवाला आन् परवाचा पुजारी एकच हाय. कानं बघ.” दोन पानांनी तसंच निघालं! मी लहानपणापासून दिगंत पाठ म्हणतो, पण ते कान मला कधी दिसले नाहीत. तेव्हा तोंडानं काही ठोकून द्यावं आणि त्यानं ते मानावं, हे दिवस गेले.

काल सातवा दिवस. पोथीचा शेवट आधी उघडून बघू नये म्हणून मीही बघितला नव्हता. (धुळाजीच्या नादानं मीही तिला पोथी म्हणायला लागलो, बघ.) शेवटचं पान उलटलं. दरी, दोरी, सुरी, ‘पुढे चालू’. आणि त्याच्या मागे बारीक अक्षरांत टीप, की चित्रकार आजारी पडल्यामुळं मालिका इथंच थांबली, शेवट कधी काढलाच गेला नाही. म्हणजे आपल्याच गावाला मिळाला नाही असं नव्हे, कुणालाच मिळाला नाही. घसा बसला म्हणालो, पुस्तक फडक्यात बांधलं आणि पळून आलो. भामाबाईनं समाप्तीच्या पुरणासाठी डाळ भिजत घातली होती.

असो. पुस्तकांबद्दल आभार. दाजींना नमस्कार. थंडीत गुडघे झाकून बस.

तुझा,
रामकिसन

ता. क. – आभार मानायला एवढी पानं कोण लिहितं, हे तू ओळखलंच असशील. ताई, तू जन्मभर शाळेत पोरांना चित्रकला शिकवलीस. दिगंतचं नाक तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. बारा चौकटी काढून दे. दिगंत कसाही वर चढू दे, घरी पोहोचू दे, एवढंच. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळव, कान सगळे नीट जुळव, आणि स्पीड पोस्टानं पाठव. साध्या टपालानं नको. साध्या टपालाचं काय होतं हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? एका माणसाचा जीव तुझ्या पेन्सिलीवर आहे असं समज.

ता. क. २ – पाकीट डिंकानं चिकटवत होतो तोच धुळाजी दारात. काठी टेकत, दम खात आला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “घसा बरा झाला का बे? श्येवटचं पान मी पह्यल्याच दिशी बगितलंय. चित्र वळकीचं होतं.” मी खाली मान घातली. सात दिवस त्यानं मला वाचू दिलं होतं. म्हणालो, मग हा हट्ट कशाला? तर हा दांडगा माणूस, ज्यानं काठीनं लांडगा हाकललाय, फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. “पोथीचं निमित्त रे. मला भ्या वाटतंय. छाती फाडतेत, परत शिवतेत का न्हाई, आतून कोन बघायलंय?” मी सरळ कबुली दिली, तुला पत्र लिहिलंय, ताई शेवट काढून पाठवील. तर डोकं हलवत म्हणाला, “नगं. ऱ्हाऊ दे तसाच. त्यो गडी बेचाळीस वर्सं दोरी धरून हाय. मला चार घंटे धरायचीय. धरतो मी.” आणि उठून गेला. चोवीसला जायचं पक्कं झालंय.

त्याचं भ्या तो माझ्याजवळ बोलला आणि हलका होऊन गेला. माझं मी घेऊन बसलोय. आत तो दोरी धरील. बाहेर बाकावर ते चार तास मी कुणाचा हात धरू? चित्रं काढू नकोस, ताई. तू ये.