डावखुऱ्यांची यादी

चँडलर, ॲरिझोना
२४ नोव्हेंबर २०२४

ती. गुरुनाथदादास,
धाकट्या शुभाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतोस, म्हणून पुन्हा पत्र. कानाचं मशीन लाव म्हणून वीणावहिनीने सांगून झालं, मी सांगून झालं. आता पोस्टमन थकला तर त्याचं पाप तुझ्या माथी.

बातमी बरी नाही. आमच्या नकुलच्या बेसबॉल क्लबने शुक्रवारी कळवलं, की त्याचं कॉन्ट्रॅक्ट ते पुढे चालू ठेवणार नाहीत. म्हणजे आता तो फ्री एजंट झाला. शब्द ऐकायला ऐटबाज आहे, पण अर्थ एवढाच, की कुठलाही क्लब त्याला घेऊ शकतो आणि कोणीच नाही घेतलं तरी कोणाचं अडत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला सगळ्या क्लबांचे सरावाचे कँप सुरू होतात. तोवर कुठे ठरलं नाही, तर एकतिसाव्या वर्षी चेंडू टाकणारा आमचा डावखुरा पिचर घरी बसणार. इंजिनिअरिंग सोडून तो बेसबॉलमध्ये पडला तेव्हा प्रताप वर्षभर स्वतःच्या मुलाशी धड बोलत नव्हता. आता तोच सकाळी चहाच्या आधी फोन उघडून बघतो, कोणी कोणाला साइन केलं.

नकुलचा एजंट म्हणतो, घाई करू नका. एका वेबसाइटने तर नकुलची किंमतच लावली आहे, आणि खाली लोकांनी तीसुद्धा जास्त आहे असं लिहिलंय. मी ते वाचू नये हे मला कळतं. तरी रोज वाचते.

आणखी एक, फक्त तुला लिहिते. दुपारी फ्रिजमधून बर्फ पडल्याचा आवाज येतो आणि मग बाथरूमचं दार लागतं. विचारलं तर नकुल इंग्रजीत सांगतो, की काही नाही. डाव्या कोपराचं दुखणं आहे, सप्टेंबरपासूनचं असावं. तुमच्या मराठी मंडळात कोणापाशी बोलू नकोस. तुझं हळू बोलणं पार्किंगपर्यंत ऐकू जातं.

तुझी माया माझ्या पाठीशी आहेच, ती आता जरा जास्त लागेल.

तुझी,
शुभा


अल्फारेटा, जॉर्जिया
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शुभा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. प्रताप आणि नकुललाही सांगावेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझी वहिनी म्हणाली, एवढं मन लावून दहावीत वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

मी कामाला लागलो आहे. या हिवाळ्यात मोकळे असलेले सगळे डावखुरे पिचर शोधून काढले. तेवीस आहेत. मंडळाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांची यादी केली आणि फ्रिजवर लावली. आपला नकुल सतरावा. कोणी साइन झाला की लाल पेनने नाव खोडायचं. आजवर दोन खोडली. वहिनीची किराण्याची यादी त्यामुळे खाली गेली आहे आणि या आठवड्यात घरात मोहरी नाही.

या बाजाराची रीत मला थोडी उमगली आहे. आधी मोठी नावं जातात. ती ज्यांच्या हातून निसटतात ते क्लब मग मधल्यांकडे वळतात, आणि मधले संपले की आपल्यासारख्यांकडे. स्थळं बघण्यासारखंच आहे. येतात, पोहे खातात, कळवतो म्हणतात. तुझ्या वेळी सहा महिने असंच चाललं होतं, आणि शेवटी प्रतापराव आलेच की.

कोपराबद्दल मात्र मला चैन पडत नाही. त्याला समोर बसवून नीट विचार. मंडळात मी तोंड उघडलेलं नाही. तू लिहिलंस ते मला लागलं, पण खोटं नव्हतं.

आशीर्वाद कायम आहेतच. तू फक्त जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझा,
गुरुनाथदादा


चँडलर
२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी यादी आता फार कोरी राहिली नसेल. नाताळाच्या आधी एक क्लब नकुलसाठी अगदी तयार होता. प्रतापने त्या गावातल्या घरभाड्यांची चौकशीसुद्धा केली. आणि एका सकाळी त्या क्लबने ट्रेड केला. दोन तरुण पोरं देऊन दुसरीकडून एक डावखुरा आणला. जागा भरली. एजंटने नकुलला दोन ओळींचा मेसेज पाठवला, आणि नकुल त्या दिवशी गाडी धूत बसला. धुतलेलीच होती.

आता एकच क्लब उरला आहे. त्यांचा कँप आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणतात, आणि दोन्ही वर्षांचे पैसे पक्के, खेळला नाही तरी. सही मात्र डॉक्टरी तपासणीनंतर. ती संक्रांतीला, चौदा तारखेला.

मी त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, की या वयात प्रत्येक पिचरच्या कोपरात झीज असते, स्कॅनमध्ये ती सगळ्यांचीच दिसते. दुखतं की नाही हे डॉक्टर विचारतात, आणि त्याचं उत्तर फक्त खेळाडूकडे असतं. मग मी विचारलं, की तू काय उत्तर देणार. तो उठून गेला. दादा, मला भीती वाटते. त्याने खरं सांगितलं तर ही शेवटची जागाही जाईल, आणि नाही सांगितलं तर काय होईल ते मला नीट माहीत नाही. मी रोज देवापाशी उभी राहते आणि काय मागायचं तेच कळत नाही.

वहिनीला नमस्कार. तुझं लक्ष असू दे.

शुभा


चँडलर
१५ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

स्कॅनसाठी कोपरात इंजेक्शन देणार होते, परत गाडी चालवू नका असं त्यांनी कळवलं होतं, म्हणून मी आणि प्रताप नकुलला घेऊन गेलो. तो आत गेला. आम्ही बाहेर बसलो. समोर क्लबची एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती, गळ्यात क्लबचं ओळखपत्र. मला राहवेना. मी प्रतापला विचारलं, की सप्टेंबरपासून कोपर दुखतंय हे नकुलने फॉर्मवर लिहिलं का. प्रताप म्हणाला, लिहिलं नाही, आणि तू इथे बोलू नकोस. मी म्हटलं, की इथे कोणाला कळतंय. आणि पुढे बाथरूममध्ये बर्फ लावून बसतो तेही बोलले.

तुला आठवतं, मी या देशात आले तेव्हा पहिली गाडी घेताना तू सेल्समनच्या समोर मला मराठीत सांगितलंस, की हा अजून पाचशे उतरेल, चेहरा पाडून बस. मराठी ही आपली खासगी खोली आहे असं तू म्हणायचास. चौतीस वर्षं मी ती खोली वापरते आहे. बँकेत, शाळेत, दवाखान्यात. दार बंद आहे की नाही हे कधी बघितलंच नाही.

ती मुलगी उठली. माझ्याजवळ आली आणि स्वच्छ मराठीत तिने विचारलं, की काकू, तुम्हाला पाणी हवं आहे का. ओळखपत्रावर सिया असं नाव होतं.

मी पाणी घेतलं. काय करावं सुचेना म्हणून पर्समधून तिळाचे लाडू काढून तिच्यापुढे धरले. ती म्हणाली, की खेळाडूंच्या घरच्यांकडून आम्हाला काही घेता येत नाही. तेव्हा मला कळलं, की मी लाच दिल्यासारखं दिसतंय. मी डबा परत पर्समध्ये टाकला. त्याचं झाकण नीट लागलं नव्हतं.

नकुलला यातलं काही ठाऊक नाही. तपासणी छान झाली म्हणाला. क्लब अजून सही करत नाही, स्कॅन पुन्हा बघतोय असं एजंट सांगतो. प्रताप म्हणतो, गप्प राहा. मी म्हणते, त्या मुलीला गाठून हात जोडावेत. ती फ्रीमाँटला वाढली, एवढं मी शोधून काढलं आहे. तिथे तुझे मंडळातले कोणी ओळखीचे असतील तर लगेच कळव. मी ताटावर बसते आणि उठते.

तुझी,
शुभा


अल्फारेटा
१८ जानेवारी २०२५

चि. शुभा,
आशीर्वाद.

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतो आहे. फ्रीमाँटला माझे चार ओळखीचे आहेत आणि त्यातल्या एकालाही मी विचारणार नाही. रागावू नकोस, पुढचं वाच.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगतो. माझे कान आत्ता गेले नाहीत. नोकरीतली शेवटची दहा वर्षं मला मीटिंगमध्ये धड ऐकू येत नव्हतं. मी ते कोणाला कळू दिलं नाही. म्हाताऱ्या इंजिनिअरला आधी काढतील ही भीती. लोक बोलायचे आणि मी मान डोलवायचो. एकदा साहेबाने विचारलं, की ड्रॉइंगमधली ती चूक माझ्या हाताखालच्या शिवची आहे का. मला प्रश्न ऐकू आलाच नाही. मी मान डोलवली. चूक माझी होती. शिवची नोकरी गेली. मला त्याचं कारण तीन महिन्यांनी समजलं, आणि तेव्हाही मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर कानांचं सांगावं लागलं असतं. शिव तेव्हा नुकताच बाप झाला होता. वहिनीलासुद्धा हे मी काल सांगितलं.

म्हणून सांगतो. तुला नकुल दिसतो, ते बरोबर आहे, तू आई आहेस. पण त्या सियाचाही विचार कर. तिने कानांनी ऐकलं आहे. सांगितलं तर आपल्या माणसाचं वाटोळं केलं असं तिला वाटणार, आणि नाही सांगितलं आणि पुढे कोपर गेलं तर नोकरी तिची जाणार. हे ओझं आपण तिच्यावर टाकलं. तू बोललीस, पण ती खोड तुला मी लावली. आता तू तिला हात जोडायला गेलीस तर ओझं दुप्पट होईल.

तू आजच नकुलला सांग, की काय झालं. त्याने काय करावं ते सांगू नकोस. तो मोठा आहे.

यादीत आता चौघेच उरलेत. मी रोज सकाळी उठून आधी तीच बघतो. तरी हेच लिहितो.

तुझ्यावरची माया कमी-जास्त होत नाही, हे ध्यानात ठेव.

दादा


चँडलर
१३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शुभाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही, माफ कर. लिहिण्याजोगं काही हातात यायची वाट पाहत होते.

तुझं पत्र बुधवारी, बावीसला आलं. ते वाचल्यावर मी नकुलला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत होता. मला वाटलं ओरडेल. त्याने फक्त एवढंच विचारलं, की ती मुलगी आठ दिवस हे घेऊन बसली आहे का. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, की मामाने काय लिहिलंय. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, शिवचंसुद्धा. दादा, तुला विचारायला हवं होतं. पण वाचताना थांबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटलाही न सांगता तो क्लबमध्ये गेला आणि कोपराचं सगळं सांगून आला. एजंट फोनवर इतका बोलला, की फोन टेबलावर ठेवलेला असतानाही मला शब्द कळत होते.

दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. पक्के पैसे गेले. प्रताप त्या दिवशी जेवला नाही आणि मी देवघरात जाऊन रडले, तुझ्यावर रागावूनसुद्धा रडले. नंतर पाच दिवस कोणाचाच फोन नाही. सहाव्या दिवशी त्याच क्लबने विचारलं, की खालच्या दर्जाच्या कॉन्ट्रॅक्टवर कँपला येशील का. आधी सहा आठवडे कोपराचे उपचार, मग चेंडू टाकून दाखवायचा. एप्रिलमध्ये संघात जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर काही नाही. त्याने त्याच दिवशी सही केली. काल तो कँपला गेला. वीस मिनिटांचा रस्ता, रोज घरूनच ये-जा, पण मी त्याला दही दिलं, आणि नेहमी हसणारा तो या वेळी न हसता खाऊन गेला.

रथसप्तमीच्या दिवशी सियाचं एक कार्ड आलं. मराठीत, अक्षर रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांसारखं मोठंमोठं. ते तसंच्या तसं उतरवते.

काकू, नकुल आता स्वतः सगळं बोलला आहे आणि आमच्या साहेबांना विचारून मी हे कार्ड लिहीत आहे. त्या दिवशी मी पाणी विचारलं ते तुम्ही पुढे आणखी काही बोलू नये म्हणून. मला आणखी ऐकायचं नव्हतं. घरी जाऊन मी साहेबांना ईमेल लिहिली, पण पाठवली नाही. रोज सकाळी उघडून वाचायचे. मी गप्प राहिले असते असं समजू नका. शुक्रवारी मी ती पाठवणार होते. नकुल गुरुवारी आला. लाडू घेतला नाही म्हणून रागावू नका, तो नियम अजून आहे. माझी आजी तसेच करायची.

दादा, एका दिवसाने वाचलो आपण. ती ईमेल गेली असती तर लपवाछपवी करणारा म्हणून नकुलला मग कोणीच दारात उभं केलं नसतं. मी हे कार्ड देवाजवळ ठेवलं आहे.

काळजी संपलेली नाही. एप्रिल अजून लांब आहे आणि ती वेबसाइट मी अजून वाचते. पण आज दुपारी बर्फ पडल्याचा आवाज आला आणि मी बाथरूमचं दार लागायची वाट पाहत राहिले. ते लागलं नाही. नकुल येऊन डायनिंग टेबलाशी बसला, कोपर टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाला, की आई, हे फडकं जरा बांधून दे. मी बांधलं. कोपर किती सुजलं होतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

वहिनीला नमस्कार. तिला यापुढे मोहरी मिळू दे, आणि तुझा हात असाच आमच्या डोक्यावर राहू दे.

तुझी,
शुभा

ता. क. नकुलने तुझ्या कानांसाठी पाच मार्चला अल्फारेटातल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्याची अट आहे, मशीन लावल्याशिवाय मामाला मॅचचा निकाल कळवायचा नाही. आणि यादीतलं सतरावं नाव आता खोड. लाल पेनने नको. एप्रिलपर्यंत पेन्सिलनेच.