एम रांगेतली कडेची खुर्ची

अण्णा, कॅमेऱ्याची पेटी मी जुन्या सागवानी कपाटाच्या फळ्यांतून केली. भाता काळ्या कापडाचा, सोळा घड्यांचा, घडी न् घडी मोजून चिकटवलेला. तिवई केली, फोटोंच्या चौकटी केल्या, प्रिंट धुवायचे ट्रेसुद्धा पत्रा वाकवून केले. भिंग तेवढं जुन्या बाजारातलं. कुणाकडे शिकलो नाही, हे मी अजून चारचौघांत सांगतो. नाट्यगृहातली ती दुपार तुम्ही मुलासाठी मॅनेजरांपुढे हात जोडून मिळवून दिलीत, हे सांगत नाही.

तुम्ही तिथले डोअरकीपर. तीस वर्षं अंधारात बॅटरी धरून लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवल्यात. तिथल्या एका खुर्चीत तुम्ही बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. मला रिकामं प्रेक्षागृह हवं होतं. खुर्च्यांच्या रांगा, बाल्कनीची कड, छतातून उतरणारा मळकट उजेड. माणूस नको. उजेड इतका कमी की भिंग वीस मिनिटं उघडं ठेवायचं, आणि तुम्हाला तर रात्रीच्या प्रयोगाआधी रांगांमधले कागद वेचायचे होते.

"वेचा, पण एका जागी थांबू नका. एवढ्या वेळात चालता माणूस फोटोत उमटत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे पगारवाढीच्या यादीसारखंच," तुम्ही म्हणालात आणि वाकलात.

मी रंगमंचावर कॅमेऱ्याशी उभा आहे, नजर घड्याळावर. चौदाव्या मिनिटाला वर बघतो, तर तुम्ही एम रांगेत, कडेच्या खुर्चीत. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड रंगमंचाकडे, नाटक बघायला आल्यासारखे. किती वेळ बसला होतात कोण जाणे.

"तीस वर्षं उभे राहिलात, आज वीस मिनिटं धीर धरवला नाही?" मी ओरडलो. रिकाम्या सभागृहात ते फार मोठं ऐकू आलं.

"गुडघा रे," एवढंच बोललात, आणि माझ्यासाठी चहा सांगायला बाहेर गेलात.

तुमचा पांढरा सदरा निगेटिव्हवर काळसर डाग होऊन उतरला होता. आधी पंजाएवढी एक प्रिंट काढून पाहिली. खुर्चीत धुरकट पांढरं काहीतरी, चेहरा नाही. मग ब्लेडच्या टोकानं तो डाग खरवडून काढला. दोन संध्याकाळी लागल्या. प्रदर्शनाला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात, आणि बोटानं रांगा मोजत एमपाशी थांबलात.

"इथं होतो मी." मग जरा वेळानं, "खूणसुद्धा ठेवली नाहीस. हात चांगला आहे तुझा."

मी ते कौतुक समजलो. आईलाही तसंच सांगितलं. त्याच फोटोनं माझं नाव झालं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, आणि तुमचा कामावरचा दुसरा एकही फोटो घरात निघाला नाही. एवढा मी फोटोग्राफर.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ तो मोठा फोटो घ्यायला आले. जुन्या प्रिंटांचा डबा टेबलावर उघडा होता. त्यातली पंजाएवढी प्रिंट उचलून उजेडाकडे धरली त्यांनी. "मला हाच हवा. खुर्चीत कोण आहे हो?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "डाग आहे. प्रिंट खराब आहे ती."

त्या डागाचे ते दोन लाख देत होते, अण्णा. मी दिला नाही.