अडतिसावा संदर्भ

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. दुकानातून लिहितोय. दुपारी दोन ते चार इकडे कुणी फिरकत नाही. हिचा गुडघा बरा आहे, जिने मात्र अजून बंद. धाकटीला चष्मा लागला. चष्मेवाल्याच्याच मुलीला चष्मा, म्हणून शाळेत चिडवतात, ती म्हणते, "फुकट तर मिळाला!" तुझी बदली झाली का? नवी जागा कशी आहे?

फोन केला असता, पण बाबांचं नाव निघालं की तू विषय तोडतेस. कागदावर तोडता येत नाही, फार तर फाडता येतो.

बाबांनी एक लेख लिहिलाय. नदीतलं शेवाळ, नेहमीचाच विषय. तो एका संशोधनपत्रिकेला पाठवला, तर संपादकांनी आठवड्यात परत केला: संदर्भसूची आमच्या पद्धतीने लावून पाठवा. बाबांनी कागद माझ्यापुढे टाकले. "अरे, तू दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतोस. तुला जमेल." माझा आणि स्वल्पविरामाचा छत्तीसचा आकडा, तुला ठाऊकच आहे. तरी बसलो. आधी आडनाव, मग आद्याक्षर, कंसात साल, लेखाचं नाव सरळ अक्षरांत, पत्रिकेचं तिरक्या. एकूण त्रेचाळीस संदर्भ. लेखात ज्याचा उल्लेख आहे तो सूचीत हवा, आणि सूचीतला लेखात.

बऱ्याच ठिकाणी पानांचे आकडे नव्हते. म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तीन दिवस खपून एकेक पुस्तक काढून दिलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "यातली चार पुस्तकं कुठेच नाहीत."

"हरवली असतील."

"हरवली नाहीत हो. छापलेलीच नाहीत."

घरी येऊन बाबांना विचारलं. ते चिडले. "एकाचा पुठ्ठा हिरवा आहे. साठाव्या पानावर शाईचा डाग आहे. मी काय खोटं बोलतो?" खोटं नव्हते बोलत, ताई. त्यांना तो डाग दिसत होता.

आता आढेवेढे घेत नाही. बाबांना विसरायला होतंय. दीड वर्ष झालं. बँकेतून येताना वाट चुकले, तेव्हा पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, औषधाने वेग कमी होईल, उलटं फिरणार नाही. मी तुला कळवलं नाही. तुला त्रास नको म्हणून, असं हिला सांगत आलो. खरं वेगळंच आहे. कळवूनही तू आली नसतीस, तर मला तुझा राग आला असता. तो राग मला नको होता. म्हणून तुला कळवलंच नाही.

आणि मुख्य गोष्ट अजून पुढेच आहे. ती चार पुस्तकं सोडून सूचीत आणखी एक नोंद खोटी आहे. अडतिसावी. आपलं आडनाव, तुझं आद्याक्षर, कंसात अकरा वर्षांपूर्वीचं साल. "पुलाच्या खांबांवरील शेवाळाची वाढ आणि पाण्याचे तापमान. अप्रकाशित प्रबंध, २१२ पाने." लेखात तुझा उल्लेख तीनदा आहे.

तू प्रबंध दिलाच नाहीस, हे बाबांना कसं सांगायचं? दोन दिवस मी ती ओळ नुसती नीट लावत बसलो. पूर्णविराम दिला, काढला.

तो दिवस मी विसरलेलो नाही. जेवणाच्या टेबलावर तुझे तक्ते, बाबांच्या हातात लाल पेन्सिल. "पाणी अर्ध्या अंशाने तापलं म्हणून शेवाळ मागे सरत नसतं. हे आकडे पाण्यात उतरून आणलेले नाहीत." दोन हिवाळे तू कमरेएवढ्या पाण्यात काढले होतेस. मला माहीत होतं. तुझी पिशवी धरून काठावर मीच तर उभा असायचो. आणि त्या दिवशी मी ताटात बघत जेवत राहिलो. तू वह्या कपाटात ठेवल्यास आणि गेलीस.

शेवटी मागच्या रविवारी सांगितलं. "बाबा, ताईने प्रबंध दिला नव्हता."

"दिला. मीच मार्गदर्शक होतो."

"नाही बाबा. त्याआधीच ती गेली."

ते खुर्चीतून उठले. मग आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कपाट उघडं, तुझ्या चारही वह्या टेबलावर, आणि शेजारी दुसऱ्या संशोधकांचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे छापील लेख. बाबा आकड्याशी आकडा लावत होते. त्या सकाळी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं. नाश्ता तसाच गार झाला.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. "सगळे बरोबर आहेत."

मी गार नाश्ता उचलून बाजूला ठेवला.

"तेव्हा मी तपासलेच नव्हते रे. मला पटले नाहीत, म्हणून खोडले." मग माझा हात धरून विचारलं, "ती कुठे असते आता?"

मी तुझ्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

न छापलेली चार पुस्तकं त्यांनी सूचीतून स्वतःच्या हाताने काढली. अडतिसाव्या जागी प्रबंध खोडून लिहिलं: "क्षेत्रनोंदी, चार वह्या, अप्रकाशित." संपादकांचा नियम असा की, अप्रकाशित नोंदी वापरायच्या तर ज्याच्या असतील त्याची लेखी संमती हवी. तो कागद सोबत जोडलाय. मुदत महिनाअखेरची.

"ती नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर लेख मागे घे. तिच्या आकड्यांशिवाय तो उभाच राहत नाही. आणि तिला मस्का लावू नकोस."

म्हणून लावत नाही. सही करावीस असं म्हणत नाही, माफ कर असं तर मुळीच नाही. ते माझ्या हातातलं नाही. काल बाबा परत म्हणाले की तुझा प्रबंध झाला, छान झाला. मी हो म्हटलं. तुला आधी सांगून ठेवतो: आलीस तर ते तुला ओळखतीलच याची खात्री नाही. अजून ओळखण्याचे दिवस जास्त आहेत, एवढंच.

हो किंवा नाही, पण दोन ओळी लिही. त्या जेवणाच्या टेबलावर मी एक शब्द बोलायला हवा होता. हे पत्र म्हणजे तोच शब्द समज, अकरा वर्षं उशिराचा.

उत्तराची वाट पाहणारा, आणि त्याला घाबरणाराही,
तुझा धाकटा