शर्यतीआधीचा भात

१२ नोव्हेंबर २०१८

पुन्हा तेच! काल वरुणा गावाच्या रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरनंतर पायांतलं सगळं संपलं. हे पुढे निघून गेले आणि मी उसाच्या गाडीला टेकून उभी. दोघांचं जेवण आमचे कोच चिदंबर सर यांनी सांगितलं तसंच — शंभरात सत्तर भाग भात, गूळ, केळी. यांना लागू पडतं, मला का नाही? सर म्हणाले, बायकांचं असंच, मॅरेथॉन सोड.

सोडू? चाळीशी आली. दोन डिसेंबरला जिल्ह्याच्या संघातून पळाले नाही, तर परत कोण घेणार मला?

१५ नोव्हेंबर

डॉ. कमलाक्षींकडे गेले. खेळाडूंच्या खाण्यापिण्याचं त्याच बघतात. म्हणाल्या, पळताना बायकांचं शरीर चरबी जास्त जाळतं, भातागुळाचा साठा जपून वापरतं. पण ताटातलं नुसतं प्रमाण बदलून तो साठा फारसा वाढत नाही, एकूण जेवणच वाढवावं लागतं. पुरुषांचं ताट मुळात मोठं, त्यांचं भागतं. आणि मी शहाणी, भात वाढवला तशी आमटी-पोळी कमी केली! "चिमणीच्या जेवणाचे सत्तर टक्के म्हणजे किती हो?" असं विचारलं त्यांनी.

वजन वाढेल, घाबरू नका, म्हणाल्या. साठ्याबरोबर स्नायूंत पाणीही राहतं.

घाबरणार नाही कशी? सर दर शुक्रवारी काट्यावर उभं करतात. यांना नाही, फक्त आम्हा बायकांना.

२८ नोव्हेंबर

भूक नसताना दुसऱ्यांदा भात घेतला. सासूबाई बघत राहिल्या. ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही, उगाच पाणी प्यायला उठते. घरी येऊन तीनदा काट्यावर चढले — दीड किलो जास्त! उद्या उपाशी राहिले तर?

२९ नोव्हेंबर

जेवले.

३० नोव्हेंबर

सरांनी काटा बघितला आणि चष्मा काढला. "पुरे. एवढं वजन घेऊन कोण पळतं? संघात नाव नाही तुझं." पाण्याचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ऐकूनच घेतलं नाही. तुंगा आणि नागरत्ना, संघातल्या दोघी पोरी, माना खाली घालून उभ्या.

घरी येऊन रडले, मग भांडी आपटली. हे म्हणाले, खुल्या गटातून पळ, अजून नावं घेतायत. पळेन. पण जिल्ह्याचा बनियन गेला तो गेलाच. फार लागलंय मनाला.

१ डिसेंबर

दुपारी दारात तुंगा, तिच्यामागे नागरत्ना.

"अक्का, कालच्या काट्यासाठी दोन दिवस नुसत्या पाण्यावर होतो. भात आहे का?"

मोठं पातेलं चढवलं.