पेटी आहे तोवर

२ फेब्रुवारी, सकाळी ९
मधपेटी आली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवली. आत दहा-बारा हजार माश्या आणि एक राणी. निवृत्तीनंतर माणसे खचतात म्हणे. मी नाही. एकतीस वर्षे ऑफिसचा आवक-जावक विभाग सांभाळला, इथेही शेवटी आवक आणि जावकच आहे.
प्लॅन: मे अखेर सगळ्या बिल्डिंगला घरचा मध. पुढच्या वर्षी चार पेट्या. मग लोकांना मार्गदर्शन.
हिने एवढेच विचारले की आता कपडे कुठे वाळत घालायचे. मोठ्या कामाकडे बघायची दृष्टी सगळ्यांना नसते.

५ फेब्रुवारी
पहिली तपासणी. मधमाशीपालनाच्या शिबिरातले प्रशिक्षक म्हणाले होते, पेटी आठ-दहा दिवसांतून एकदाच उघडा, माश्यांना त्रास होतो. हा नियम हौशी लोकांसाठी आहे. ज्याला माणसे सांभाळायची सवय आहे त्याने आठ-आठ दिवस टेबलाकडे फिरकायचे नाही म्हणजे काय? आज दोनदा उघडली. सकाळी हजेरी बघायला आणि दुपारी जेवणानंतर सगळे जागेवर आहेत ना ते बघायला.
कानाला एक डंख. किरकोळ. कान आता उशीवर टेकत नाही, पण मधमाशीचे विष सांध्यांना चांगले असते.

९ फेब्रुवारी
राणी सापडली! इतरांपेक्षा जाड, डोळे मोठे, काम काहीही करत नाही. कामकरी माश्या तिला आयते भरवत होत्या. निवांतपणावरूनच ओळखली. परदेशात राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे पुढच्या वेळी लगेच सापडते. हिची लाल नेलपॉलिश घेतली. ठिपका जरा मोठा पडला. राणी दिवसभर तिरकी चालत होती.
नेलपॉलिश कुठे गेली म्हणून ही दोनदा विचारून गेली. मी ताकास तूर लागू दिली नाही.

१४ फेब्रुवारी
छोटासा प्रसंग. ही गच्चीवर चादर वाळत घालत होती. मी नुकतीच दुपारची हजेरी घेऊन झाकण लावलेले. एक माशी हिच्या डाव्या पापणीवर. चूक कोणाचीच नाही, चादर पिवळी होती.
डोळा सुजून बंद झाला. मी धीर दिला. म्हणालो, लोक दवाखान्यात रांगा लावून हे डंख घेतात, तुला घरबसल्या मिळाला. हिने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.
जेवताना म्हणाली, ही पेटी घरात आहे तोवर मी इथे राहायची नाही. पेटी गेली की कळवा, येईन.
लटका राग. मी पेटी घरात नसून गच्चीवर आहे हे लक्षात आणून दिले.

१६ फेब्रुवारी
ही बहिणीकडे गेली. तीन तासांचे तर अंतर. दोन-चार दिवसांत येईल. मोठी बॅग नेली. दोन-चार दिवसांना मोठी बॅग कशाला, हा प्रश्न ओठावर आला होता, आवरला. टॅक्सीपर्यंत सोडायला उतरणार होतो, पण तेवढ्यात पेटीतून वेगळाच आवाज येऊ लागला म्हणून वर जावे लागले. काही विशेष नव्हते.
तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी चौकशी केली. सांगितले, मेहुणीचा गुडघा दुखतो, मदतीला गेली आहे. मेहुणी रोज सहा किलोमीटर चालते. पण काहीतरी सांगावे लागते.

२० फेब्रुवारी, दुपार
चहाची पूड सापडेना. हिला फोन केला. म्हणाली, ओट्यावरच्या फळीवर, तिसरा डबा. सापडली. नंतर साखरेसाठी फोन केला. चौथा डबा. नंतर गाळणीसाठी केला, तो मेहुणीने उचलला.
माश्यांना शांत करायला धूर देतात, त्या धुराच्या डब्याने हात पोळला. मध हे भाजण्यावर उत्तम औषध आहे, जंतू वाढू देत नाही. बाजारचा मध जाडसर चोपडला आणि आरामखुर्चीत जरा पडलो. जागा झालो तेव्हा मुंग्या कोपरापर्यंत पोचल्या होत्या.
संकल्प: औषध लावून झोपायचे नाही.

२७ फेब्रुवारी
नेलपॉलिश लावलेल्या राणीचा फोटो प्रशिक्षकांना पाठवला. त्यांनी कळवले की हा नर आहे. नर काही काम करत नाही, त्याला डंखही नसतो, आयते खातो आणि हंगाम संपला की कामकरी माश्या त्याला हाकलून देतात. विचारले, मग राणी कुठे आहे? म्हणाले, असेल आत, सारखे उघडू नका, घाबरून लपते. असं होतं.
दुपारी तीनदा उघडून शोधली. सापडली नाही.
लेकीचा व्हिडिओ कॉल. बाबा, बारीक झालात, म्हणाली. मी म्हणालो, व्यायाम वाढवलाय. मागे सिंकमध्ये भांडी दिसत होती, म्हणून कॅमेरा छताकडे फिरवला. तर म्हणाली, छताला जाळी लागलीत.

६ मार्च
माश्या कमी वाटतात. बहुतेक कामावर गेल्या असतील. तरी अशक्तपणा नको म्हणून साखरेचा पाक करून ठेवला, दोन किलोचा. तुटून पडल्या. डोळ्यांसमोर पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी भरू लागल्या. या वेगाने मध एप्रिलच्या आत! प्रशिक्षकांना अभिमानाने कळवले. त्यांचा फोन लागला नाही.

१५ मार्च
हिचा फोन आला. आपणहून. ही पोहायला शिकते आहे! बहिणीबरोबर, रोज सकाळी. छप्पन्नाव्या वर्षी. आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरली नाही. मागे कोणीतरी हसत होते, मग हीसुद्धा हसली. हिचे असे हसणे बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. बराच काळ म्हटले तरी चालेल.
मग विचारले, माश्या कशा आहेत? मी म्हणालो, झकास. म्हणाली, बरं.
निर्णय घेतला. एकदा मध काढायचा आणि पेटी परत करायची. हातात बाटली ठेवली की हिचा राग विरघळेल. शिवाय चहा नीट होत नाही. पूड किती घालायची ते फोनवर कळत नाही.

२८ मार्च
मध काढला. सगळ्या चौकटी. प्रशिक्षक म्हणतात, माश्यांनी मेणाचे झाकण लावले तरच मध पिकलेला समजायचा, आणि निम्मा त्यांच्यासाठी ठेवायचा. झाकणे अजून लागायची होती. पण मला इकडे घर सांभाळायचे आहे, मेणाची वाट बघत किती बसणार? पोळी फडक्यात घालून पिळली. हिचा पांढरा दुपट्टा होता, मऊ.
अडीच बाटल्या! रंग सोन्यासारखा. जरा पातळ. चव ओळखीची वाटली. विचार करता लक्षात आले, ६ मार्चचा पाक.
तरी माशीच्या पोटातून गेला म्हणजे मधच. एक बाटली हिला कुरियरने, एक दातांच्या डॉक्टरांना. अर्धी मला.

२ एप्रिल
दातांच्या डॉक्टरांच्या बाटलीचे झाकण उडाले. पेशंट खुर्चीत होता. म्हणाले, तुमच्या मधाला फेस येतो. कच्चा मध आंबतो, हे शिबिरात शेवटच्या तासाला शिकवले होते. मी तेव्हा गाडी गाठायला निघालो होतो.
हिची बाटली पोचली. म्हणजे बॉक्स पोचला, बाटली आतल्या आत मोकळी झाली होती. लेक म्हणाली, मावशीचे कपाट अजून चिकट आहे. हिला फोन केला. रागावली नाही. म्हणाली, पाठवत जाऊ नका हो काही.
रागावली असती तर बरे झाले असते.

९ एप्रिल, सकाळी १०
माश्या गेल्या.
हजेरीला वर गेलो तर पेटीच्या दारातून सगळ्याच बाहेर पडत होत्या. आधी वाटले, मोठी मोहीम दिसते. मग टाकीच्या वर त्यांचा एक ढग झाला, गरगर फिरला आणि समोरच्या छपरावरून निघून गेला. मी हात वर करून थांबा म्हणालो. ऑफिसात पाचला दोन मिनिटे कमी असताना म्हणायचो तसे. तिथेही कोणी थांबत नसे.
पेटीत मेणाचे तुकडे आणि नेलपॉलिशवाला नर. मेलेला. प्रशिक्षकांना विचारले. म्हणाले, खायला काही राहिले नाही आणि रोज कोणी छप्पर उघडतो, तर जातात. असं होतं.
खूप वाईट वाटले. टाकीच्या सावलीत बसून राहिलो. गच्चीवर इतके शांत कधी नव्हते.

१० एप्रिल
काल डोकेच चालत नव्हते. ही तर आनंदाची बातमी आहे! अट काय होती? पेटी गेली की येईन. पेटी आहे, पण माश्यांशिवाय पेटी म्हणजे स्टूल. सकाळीच फोन केला. म्हणालो, माश्या गेल्या, आता ये. टॅक्सी सांगू का?
म्हणाली, अरेरे. मग म्हणाली, बघते. पोहण्याची बॅच अर्धी झाली आहे, ती संपू दे.
रास्त आहे. सुरू केलेले काम अर्धवट सोडू नये. घर आवरायला घेतले. भांडी घासली, जाळी काढली. दुपट्टा तीनदा धुतला.

२१ एप्रिल
बॅच संपली असणार. फोन केला. म्हणाली, एवढ्यात जमत नाही, बहिणीचा गुडघा दुखतो आहे.
तो गुडघा मी दुखवला होता! फेब्रुवारीत, तळमजल्यावर, डॉक्टरांच्या दारात. तोंडावर आले होते, गिळले. म्हणालो, काळजी घ्यायला सांग.
मागून मेहुणी ओरडली, चल गं, उशीर होतोय, चालायला जायचंय ना. हिने घाईने फोन ठेवला.

२६ एप्रिल
लेकीचा फोन. मी म्हणालो, तूच समजाव आईला, माश्या गेल्या आता. ती म्हणाली, बाबा, आई तिथे बरी आहे. मी म्हणालो, बरी आहे ते ठीक, पण आता कारण काय? लेक म्हणाली, तुम्ही नीट जेवता ना?
अलीकडे सगळे एवढेच विचारतात.

३ मे
लिहून ठेवतो. कोणी वाचणार नाही.
मला भीती वाटते. माश्या होत्या तोवर ही माश्यांमुळे गेली होती. कोणीही समजून घेईल, डोळा केवढा सुजला होता. मनात हिशेब सोपा होता, पेटी काढली की घर जागेवर. आता माश्या नाहीत, आणि तरी ही तिकडे. आज दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात विचारले, वहिनी कधी येणार? दाढ दुखते म्हणालो. त्यांनी लगेच आत बसवून तपासली. दाढ उत्तम आहे.
पेटी परत करायची होती, केली नाही. वर जाऊन उगाच झाकण उघडून पाहतो. दिवसातून दोनदा.

८ मे
सकाळी प्रशिक्षकांना फोन. माश्यांची नवी वसाहत हवी म्हणालो. म्हणाले, हंगाम संपला, आता ऑक्टोबरमध्ये. मग पेटीवर झाकण घट्ट बसवले, वर वीट ठेवली. गच्चीच्या दाराला 'सावधान, मधमाश्या' अशी पाटी लावली. वर आलेले दातांचे डॉक्टर ती बघून थबकले. म्हणाले, परत आल्या वाटतं? मी म्हणालो, हो ना, म्हणून तर ही तिकडे. म्हणाले, साहजिक आहे.
मग हिला फोन केला. म्हणालो, वाईट बातमी आहे, माश्या परत आल्या.
ही म्हणाली, अगं बाई. मग म्हणाली, आता कसं येणार मी? आवाज एकदम मोकळा झाला होता. मी म्हणालो, छे छे, आता येणे शक्यच नाही, धोका कशाला घ्यायचा. मग खूप वेळ बोललो. म्हणजे ती बोलली. तलावाची अर्धी लांबी आता न थांबता जाते. नाकात पाणी जात नाही. चहाला पूड दीड चमचा. कान झाकून वर जात जा, म्हणाली.
माश्या किती आहेत म्हणून विचारले. म्हणालो, भरपूर. उद्या पुन्हा फोन करतो म्हणालो, त्यांची खबर द्यायला. ती म्हणाली, करा.