चौथं बटण

भाईंदर (पूर्व)
३१ डिसेंबर २०२५

ती. स्व. शालनताईस,
बाबूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपण दोघं फोनवर बोलतो म्हणजे एकाच वेळी ओरडतो, हे भावोजींचं म्हणणं खोटं नाही. परवा तर तू मधेच फोन ठेवलास. म्हणून पत्र लिहायला बसलो. इथे तरी तुला मला तोडता येणार नाही.

बातमी चेण्यापर्यंत पोचली असेलच. काल पक्षानं महापालिकेच्या उमेदवारीचे एबी फॉर्म वाटले. आपली हेमांगी सकाळपासून पक्षाच्या ऑफिसात बसून होती, मीही होतो. गेली दहा वर्षं वाडीतल्या पाण्याच्या तक्रारी, म्हाताऱ्यांचे दाखले, निवडणुकीच्या चिठ्ठ्या, सगळं त्या पोरीनं केलं. दुपारी शहराध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं की आपल्या प्रभागातल्या चार जागांपैकी ‘ड’ जागेवर कुलदीपशेठला उभं करायचं ठरलंय, निवडून येण्याची क्षमता बघावी लागते, पण पक्ष तुझ्या पाठीशी आहे. पाठीशी असल्यामुळेच बहुतेक तो तिला कधी समोर दिसला नाही.

होय, तोच कुलदीप. समोरच्या पक्षाचा नगरसेवक असताना ज्यानं आपल्या मागचा नाला बुजवून स्वतःच्या लग्नाच्या हॉलचं पार्किंग केलं, आणि नाल्याचं पाणी आपल्या घरात सोडलं. शनिवारी त्यानं आपल्या पक्षाचं उपरणं गळ्यात घातलं आणि मंगळवारी उमेदवार झाला. उपरण्याची घडीसुद्धा मोडली नसेल.

आता माझं दुखणं सांगतो. येत्या रविवारी प्रचाराचा नारळ आपल्या वाडीतल्या देवीसमोर फुटणार आहे आणि गाऱ्हाणं मी घालायचं आहे. आप्पांच्या पश्चात प्रत्येक निवडणुकीत आपल्या उमेदवाराचं गाऱ्हाणं मीच घालत आलो. ते झाल्याशिवाय आपली रत्नागिरीकडची माणसं कुणालाही आपला उमेदवार मानत नाहीत, हे कुलदीपला पक्कं ठाऊक आहे. काल संध्याकाळी तो स्वतः घरी आला होता. म्हणाला की बाबूकाका, मागचं मागे टाकू, तुमच्या तोंडून देवीला सांगा.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माणसं येतात नि जातात, चिन्ह आपलंच आहे, असं मनाशी घोकतोय. तुझा सल्ला हवा.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी ताईपण सोडू नकोस.
तुझा,
बाबू


चेणे
२ जानेवारी २०२६

चि. बाबुरावास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सल्ला मागतोस म्हणजे तू ठरवून बसलायस, आता फक्त कुणीतरी पाठीवरून हात फिरवायला हवंय. तो मी फिरवणार नाही.

नाल्याचं तुला आठवलं, पार्किंगचं आठवलं. बायकोचं आठवलं नाही का? की ते लिहायला पेन चालेना? नाल्याच्या मोर्चात वाडीतल्या बायकांना घेऊन सुलू पुढे होती. संध्याकाळपर्यंत पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं तिला. आणि दुसऱ्या दिवशी ह्याच तुझ्या कुलदीपशेठनं माइकवरून सांगितलं की ह्या भाड्यानं आणलेल्या बायका आहेत. आपली सुलू, जी पक्षाच्या हळदीकुंकवाचं वाणसुद्धा परत करायची, घरात चमचे आहेत म्हणून. तिला तो भाड्याची म्हणाला.

तुला ती काही बोलली नसेल, तू लगेच पक्षाच्या ऑफिसात जाऊन भाषण केलं असतंस. मला बोलायची. शेवटच्या आजारपणातसुद्धा एकदा तिनं विचारलं की वन्सं, माझ्याकडे बघून कुणाला तसं वाटत असेल का. मी तिला हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन खूप रडले. जा आता, देवीपुढे हात जोडून त्या माणसासाठी यश माग.

आमच्याकडे काही निराळं नाही. आपल्या चिन्हावर जो उभा आहे तो तीन पक्षांत जेवून आलाय, आता चौथ्या पंगतीला बसलाय. काल दारात आला आणि मला आई म्हणाला. मी म्हटलं की एवढी मुलं झाल्याचं मला आठवत नाही. तुझे भावोजी आत जाऊन हसत बसले. मी मात्र पक्कं ठरवलंय, या वेळी आपल्या चिन्हाकडे ढुंकून बघायचं नाही. आप्पांनी दिलेली निष्ठा काय ह्या लोकांचं गुदाम भरायला होती?

थंडी आहे, छातीला तेल लाव. तू शहाणा होईपर्यंत माझा लोभ थोडा कमी समज.
तुझी,
शालनताई


भाईंदर (पूर्व)
६ जानेवारी २०२६

ती. स्व. ताईस,
शि. सा. नमस्कार.

सुलूनं तुला विचारलं ते मला आजवर माहीत नव्हतं. तुझं पत्र शनिवारी मिळालं. आणि तरीही मी रविवारी देवळात गेलो. आधी पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

न जाता घरी बसलो असतो तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं असतं आणि त्यानं देवीपुढे खोटं सांगितलं असतं. मी ठरवलं की आपण जायचं आणि गाऱ्हाण्यात खरं तेच घालायचं. देवीपुढे खोटं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि मधेच मला थांबवायची कुणाची छाती नाही.

देवळासमोर मांडव, भोंगे, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. कुलदीप पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडून, डोळे मिटून उभा, मोबाइलवाल्या पोरांना तोंड नीट दिसेल असा. मी सुरुवात केली. देवीला सांगितलं की हा तुझ्या दारी आलेला माणूस काल समोरच्या पक्षात होता आणि त्याच्याही आधी तिसऱ्याच. प्रत्येक वाक्यामागे म्हणतात तसं लोक म्हणाले, व्हय महाराजा. सांगितलं की ह्यानं आमचा नाला बुजवला आणि तुझ्या लेकरांच्या घरात गटाराचं पाणी सोडलं. व्हय महाराजा. सांगितलं की ह्यानं आमच्या बायकांना भाड्याच्या म्हटलं. माझा आवाज कापला, ताई. पण लोकांचा नाही कापला. व्हय महाराजा. सगळ्यांत मोठ्यानं कुलदीपनं बाहेरून आणलेली पोरं ओरडत होती, ज्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय हेही ठाऊक नसेल.

शेवटी ‘ह्याला यश दे’ म्हणायची वेळ आली आणि मी तोंड मिटलं. ठरवूनच मिटलं. मला वाटलं, आता लोकांच्या ध्यानात येईल. सगळे एकमेकांकडे बघतील, निदान आपली म्हातारी माणसं तरी मान खाली घालतील. मी थांबलो तेवढ्या जागेत सगळी वाडी एका सुरात म्हणाली, व्हय महाराजा.

मी काही मागितलंच नव्हतं आणि लोकांनी हो म्हणून टाकलं. लगेच ढोल वाजला, नारळ फुटला. कुलदीपनं माझ्या पायांना हात लावून माइकवर सांगितलं की असे परखड बोलणारे वडीलधारे हीच माझी ताकद आहे. संध्याकाळी त्या सगळ्याचा व्हिडिओ गाणं लावून फिरत होता. खाली लिहिलं होतं, टीका हसत स्वीकारणारा नेता. शेजारच्या इमारतीतल्या शर्मांनीसुद्धा मला थांबवून सांगितलं की अंकल, बहुत बढिया बोले, अब तो उसी को देंगे.

मतदानाच्या दिवशी पक्षाच्या टेबलावर बसायला सांगितलंय. बघू.

उत्तर कडक येणार हे धरून चाललोय, तरी पाठव.
तुझा,
बाबू


चेणे
९ जानेवारी २०२६

चि. बाबूस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कमी.

व्हिडिओ आमच्याकडे नातीच्या, मिनलच्या मोबाइलवर आधीच येऊन गेला. पोरीला वाटलं, आजोबा मोठे झाले. मला तुझी दया आली.

बाबू, तू गप्प बसलास आणि तुला वाटलं की फार मोठं काम केलं. गप्प बसलेला माणूस आजवर कुणाला ऐकू आलाय? शहराध्यक्षांनी हेमांगीचं तिकीट कापलं तेव्हा तू ऑफिसात होतास, तिथेही गप्पच असशील. नाही म्हणायचं असेल तर तोंड उघडून नाही म्हणावं लागतं. आयुष्यभर तू सतरंज्या उचलल्यास, त्याबद्दल मी कधी बोलले नाही, कष्टाला लाज नाही. पण आता त्याच सतरंजीवर कुलदीपला बसवून वारा घालणार असशील तर मी बोलणार.

इथे शेजारच्या अनसूयाकाकू रोज मला समजवायला येतात. त्यांचं म्हणणं असं की सगलेच येकासारके हायेत, मंग आपली निशानी कशाला सोडाची. मी त्यांना सांगितलं की सगळे सारखे आहेत म्हणूनच सोडायची. मी माझ्या शब्दाला पक्की आहे. तू तुझं बघ.

आत गेल्यावर कुणी बघत नसतं. निदान तिथे तरी सुलूचा नवरा म्हणून उभा राहा, पक्षाचा म्हणून नको.

औषधं वेळेवर घे. पुढचा लोभ तुझ्या मतावर.
शालनताई


भाईंदर (पूर्व)
१७ जानेवारी २०२६

ती. स्व. ताईस,
बाबूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मतदान झालं, निकालही लागला. तू विचारायच्या आत सगळं लिहितो.

सकाळी मी टेबलावर जाऊन बसलो. घरची खुर्ची नेली होती, पक्षाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत माझी कंबर टिकत नाही. छातीला बिल्ला लावला, येणाऱ्यांना चिठ्ठ्या दिल्या. तुझी पत्रं खिशात ठेवून मी हे करत होतो, म्हणजे माझ्या निगरगट्टपणाची कल्पना कर. गर्दी ओसरल्यावर स्वतः मत द्यायला आत गेलो.

चार जागांची चार मतं. पहिल्या तीन कागदांवर आपली तीन साधी माणसं होती. पटापट आपलं चिन्ह दाबलं. चौथ्या कागदावर आपलं चिन्ह होतं आणि त्याच्या शेजारी कुलदीपचं नाव. मी ठरवलं, हे बटण दाबायचंच नाही, तीन मतं देऊन निघायचं. वळलो तर टेबलामागची बाई नम्रपणे म्हणाली की काका, अजून एक राहिलं. मी म्हटलं, राहू दे. तिनं समजावलं की तसं चालत नाही, चारही झाल्याशिवाय मशीन वाजत नाही आणि ते वाजल्याशिवाय पुढच्याला मत देता येत नाही.

मागे रांगेत सगळी वाडी उभी होती. सगळे माझ्या पाठीकडे बघत होते. आप्पांनी हात धरून मला ह्याच चिन्हाच्या पहिल्या सभेला नेलं होतं. पुन्हा पडद्याआड गेलो. वरून खाली बघत आलो आणि सगळ्यांत खालचं बटण दाबलं, वरीलपैकी कोणी नाही, असं लिहिलेलं. मशीन वाजलं.

बाहेर आलो तर आपल्या टेबलावरच्या पोरांनी हसत विचारलं की काय काका, चारही आपलेच ना. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी तोंड उघडलं आणि सांगितलं की तीन आपले, चौथं कुणालाच नाही, त्यानं माझ्या बायकोला भाड्याची म्हटलं होतं. रांगेतल्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण तिकडचं बोलणं थांबलं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि माझी खुर्ची उचलून घरी आलो. वाटेत दोनदा त्याच खुर्चीवर बसावं लागलं.

तो निवडून आला. चांगल्या मतांनी आला. काल त्याची मिरवणूक दारावरून गेली. जीपमधून त्यानं मला हात केला, मी दार लावून घेतलं. माझ्या मतानं त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. पक्षातलं कुणी मला फोन करत नाही. घर सोडून आल्यासारखं वाटतंय, पण रात्री झोप लागते.

तू तर माझ्याहून पक्की. तुझं मत कसं झालं ते लिही. तुझ्या लोभाची अट मी पुरी केली, आता तो पूर्ववत व्हावा ही विनंती.
तुझा,
बाबू


चेणे
२० जानेवारी २०२६

चि. बाबूस,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावोजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्ची उचललीस त्या जागी मला पुढे वाचता येईना, मग त्यांनी वाचलं. सुलूला फार बरं वाटलं असतं. तिचा जीव ज्या एका वाक्यात अडकला होता त्याला तू सगळ्यांसमोर उत्तर दिलंस. माझा भाऊ म्हणून मला तुझा अभिमान वाटला, हे स्पष्ट लिहिते, कारण असं मी परत लिहीन याची खात्री नाही.

आता तू विचारलंस ते. मी आत गेले ती ताठ मानेनं गेले. पहिल्याच कागदावर आपलं चिन्ह दिसलं आणि हात तिकडे गेला. मला वाटलं, चुकून झालं, आता सावध राहायचं. दुसऱ्या वेळीही गेला. चौथ्या कागदावर तर तो आई म्हणणारा होता, त्याचं नाव मी नीट वाचलं आणि तरी दाबलं. तुला अडवायला एक बाई होती, मला कुणी अडवलं नाही. माझं मशीन लगेच वाजलं.

बाहेर आले तेव्हा अनसूयाकाकूंना आणि तुझ्या भावोजींना सांगितलं की दुसऱ्याला देऊन आले. त्यांनी माझं कौतुक केलं, ते मी घेतलं. माझ्या ह्या पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखवणार नाही. दुसऱ्या कुणावर ढकलावं असं फार शोधलं, सापडलं नाही. भीती नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. मला दुसरं बटण दाबता येत नाही, एवढंच त्या दिवशी कळलं.

माझी मागची दोन पत्रं तू फाडली नसशील, तुला सगळं जपून ठेवायची सवय आहे. ती काढून पुन्हा वाच. जिथे जिथे बाबू लिहिलंय तिथे शालन वाच, बाकी एक अक्षर बदलू नकोस.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही. ठेवशील तर उपकार होतील.
तुझी,
शालन